पाठ्यपुस्तकातील चौकोन आणि प्राथमिक शिक्षक



प्राथमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा चौकोन छापलेला असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात, हे आता गावातील किराणा दुकानदारासही ठाऊक आहे. त्याच्या गल्ल्यावर तसाच एक चौकोन चिकटवलेला असतो आणि दिवसातून कितीतरी वेळा त्यावरून पैसे जमा होतात. दुकानातील चौकोन असा राबत असताना पुस्तकातील चौकोन मात्र अनेक वर्गांत वर्षभर अस्पर्श राहतो. यामागील कारण आळस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पंचवीस वर्षे ज्याने फळ्यावर मोत्यासारखे अक्षर काढले, त्या शिक्षकाला चाळीस मुलांच्या देखत मोबाईलवर बोटे चाचपडत बसावे लागणे नकोसे वाटते. खेड्यात गुरुजींचा आणि बाईंचा मान त्यांना येते यावर उभा असतो. येत नाही हे उघड होण्याची भीती ही खरी भीती आहे, आणि तिची थट्टा करून ती जात नाही.

प्रशिक्षणवर्गांनीही ही भीती फारशी कमी केलेली नाही. तेथे साधन चालविणारा हात बहुधा प्रशिक्षकाचा असतो. समोर बसलेले शिक्षक 'प्रथम हे दाबावे, नंतर ते दाबावे' असे वहीत टिपून घेतात, आणि दोन महिन्यांनी ॲपचे रूप बदलले की ती टिपणे निरुपयोगी होतात. कोणते बटण दाबावे हे पाठ करणारा प्रत्येक बदलासरशी अडतो. ते साधन मुळात काय करते हे ज्याला उमगले आहे, तो नवे बटण स्वतः शोधून काढतो. गणितात सूत्र पाठ करणारा विद्यार्थी आणि रीत समजलेला विद्यार्थी यांतील फरक शिक्षकांना नव्याने सांगावयास नको.

म्हणून त्या चौकोनाचीच ओळख आधी करून घेणे इष्ट. तो १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा या अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तयार केला. हेतू होता मोटारींच्या सुट्या भागांची नोंद जलद ठेवण्याचा. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकटी असतात व चौथ्या कोपऱ्यात तशी चौकट नसते. या तिघींवरून कॅमेऱ्याला चौकोन कोठे आहे आणि त्याची वरची बाजू कोणती हे समजते. म्हणून पुस्तक आडवे धरले, उलटे धरले, तरी बिघडत नाही. शिवाय त्यात मजकूर भरताना काही भाग जादा भरलेला असतो. या योजनेच्या चार पायऱ्या असून त्यांनुसार सुमारे ७ पासून ३० टक्क्यांपर्यंतचा भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून मजकूर जुळविता येतो. मुलाच्या हातून शाईचा डाग पडला किंवा कोपरा थोडा फाटला तरी चौकोन पुष्कळदा वाचला जातो, तो यामुळे. आणि तो अगदीच वाचला गेला नाही तरी २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या मंचाच्या पुस्तकी चौकोनाखाली सहा अक्षरांचा संकेत छापलेला असतो. तो हाताने भरला तरी काम होते.

मात्र यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. त्या चौकोनात धडा नसतो, धड्याचा केवळ पत्ता असतो. चित्रफीत दूरच्या संगणकावर असते आणि ती आणावयास इंटरनेट लागते. डोंगराआडच्या वस्तीवर रेंज नसेल तर पत्ता वाचला जाईल, पण त्या पत्त्यावरचे पाहुणे येणार नाहीत. ही एक गोष्ट ध्यानात आली की शिक्षकाची निम्मी फजिती टळते. तालुक्याच्या ठिकाणी किंवा रेंज मिळेल त्या ठिकाणी आदल्या दिवशीच फीत मोबाईलवर उतरवून ठेवली, घरी एकदा पाहिली, आवाज पुरेसा आहे का हे तपासले, म्हणजे वर्गात इंटरनेटची गरज उरत नाही. पाठाची पूर्वतयारी म्हणतात ती याहून वेगळी नाही. टाचणाच्या वहीत एक ओळ वाढली, इतकेच.

याच चौकोनाचा उपयोग करून सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याच्या परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी नाव मिळविले. अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून ते अध्यापनाकडे वळले व २००९ साली परितेवाडीस रुजू झाले. कविता, गोष्टी, पाठ यांचे ध्वनिमुद्रण व चित्रण करून ते त्यांनी पुस्तकाच्या पानांशी क्यूआर कोडने जोडले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या पुरस्काराची वार्ता पुष्कळांनी ऐकली. पण तिच्यातील एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. चौकोन जपानी कंपनीने सिद्ध करून ठेवलेला होता. शिक्षकाने त्यात घातले ते मुलांना ऐकू येईल, समजेल असे पाठ. यंत्र विकत मिळते. धडा मात्र त्या वर्गाच्या शिक्षकालाच घडवावा लागतो.

याच्या उलट बाजूचा दाखला पेरू या दक्षिण अमेरिकेतील देशाचा आहे. तेथील शासनाने लक्षावधी विद्यार्थ्यांसाठी लहान संगणक वाटले. ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, सुमारे पंधरा महिन्यांनंतर गणित व भाषा या विषयांतील मुलांच्या गुणांत फरक पडलेला नव्हता. यंत्रे आली, मुलांनी ती आनंदाने हाताळलीही; शिकविण्याची रीत तीच राहिली.

तेव्हा पडद्यावर काय दाखवावे याहून काय दाखवू नये, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. बी रुजताना दाखविणारी वीस सेकंदांची चित्रफीत मोठी मनोहर असते. पण ओल्या फडक्यात बांधलेल्या मटकीला एका रात्रीत मोड येतात आणि ते मुलाला बोटाने चाचपता येतात. ज्या वर्गात मटकी मिळते तेथे ती चित्रफीत दाखविणे म्हणजे ताटातील भाकरी बाजूस सारून भाकरीचे चित्र पाहणे होय. मराठवाड्यातील ज्या मुलाने समुद्र पाहिला नाही त्याला भरती-ओहोटी शब्दांनी कितीही सांगितली तरी ती त्याच्या मनात उमटत नाही. तेथे दोन मिनिटांची फीत तासाभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त काम करते. फीत मध्येच थांबवून 'आता पाणी कोठवर येईल?' असे विचारले, तर मुले केवळ पाहत न राहता विचार करू लागतात. पडदा सलग चालू ठेवून शिक्षकाने हजेरीपट पुरा करणे हा त्या साधनाचा सर्वांत वाईट उपयोग आहे, आणि तो दुर्मिळ नाही.

ज्यांना चित्रफितीचे ओझे वाटते त्यांच्यासाठी मोबाईलमध्ये एक अगदी साधे साधन असते: ध्वनिमुद्रक. त्याला इंटरनेट लागत नाही. तिसरीतील मुलीने धड्याचा एक परिच्छेद मोठ्याने वाचावा, तो मुद्रित करावा आणि तिलाच ऐकवावा. शिक्षकाने दहा वेळा सांगूनही जो अडखळा तिला कळला नव्हता तो स्वतःच्या आवाजात ऐकताच कळतो, आणि ती आपण होऊन पुन्हा वाचावयास मागते. महिन्याने तोच परिच्छेद पुन्हा मुद्रित करून दोन्ही आवाज शेजारी ठेवले, तर पालकसभेत आईला प्रगतिपुस्तकावरील श्रेणीपेक्षा अधिक उमगते. आवाज किंवा छायाचित्र पालकांच्या संमतीवाचून गटागटांतून फिरवू नये, हे वेगळे सांगावयास नको. तरीही ते सांगणे भाग आहे.

कोणते बटण कोठे आहे हे वर्गातील एखादा मुलगा गुरुजींच्या आधी ओळखतो. त्याला पुढे बोलावून ते काम द्यावे. त्याने बटण दाखविले म्हणून तो गुरू होत नाही. पुढे काय विचारायचे, कोठे थांबायचे हे त्याला ठाऊक नसते.

एका बाबतीत मात्र फार सावध राहिले पाहिजे. साथीच्या काळात शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाईलवरून घरी जाऊ लागला, तेव्हा कोण आत राहिले व कोण बाहेर राहिले हे उघड झाले. 'असर' या ग्रामीण भारताच्या पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेली मुले २०१८ साली ३६.५ टक्के होती, ती २०२० साली ६१.८ टक्के झाली. वाढ मोठी खरी. पण उरलेली मुले शेकडा अडतीस होती. शिवाय घरी फोन असणे आणि मुलाच्या हाती फोन असणे यांत अंतर आहे. बापाबरोबर सकाळी फोन शेतावर किंवा ऊसतोडीला जातो, आणि संध्याकाळी तो परत आला तर थोरल्या भावाच्या वाट्याला प्रथम येतो. धाकट्या बहिणीची पाळी येईतो चार्जिंग संपलेले असते. ज्या कामासाठी घरी फोन लागतो ते काम घरचा अभ्यास म्हणून देणे म्हणजे सर्वांत गरजू मुलाला न बोलता वगळणे होय. साधनाचा उपयोग शाळेच्या चार भिंतींत व्हावा; तेथे एकच फोन चाळीस जणांचा असतो.

शिक्षकांची एक तक्रार येथे न्यायाने नोंदविली पाहिजे. त्यांच्या हातातील फोन शिकविण्यासाठी कमी आणि माहिती भरण्यासाठी जास्त वाजतो. सकाळी मागितलेली माहिती दुपारी द्यावयाची, तीच पुन्हा दुसऱ्या नमुन्यात भरावयाची, असे चालू असता शिक्षकाला त्या यंत्राची गोडी लागावी कशी? वीजबिल थकल्याने जोडणी तुटलेल्या शाळेत प्रोजेक्टर धूळ खात असेल, तर त्याचा जाबही शिक्षकास एकट्याने देण्याचे कारण नाही. माहिती एकदाच मागविणे आणि बिल वेळेवर भरणे ही वरच्या कार्यालयांची कामे आहेत.

शिक्षकाच्या हाती जे आहे ते थोडे पण निश्चित आहे. पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेला येताना प्रत्येकाने एका धड्याची फीत स्वतः उतरवून आणावी आणि ती कोठे थांबविणार, तेथे मुलांना कोणता प्रश्न विचारणार, हे टाचणात लिहून आणावे. फोन त्याच शिक्षकाच्या हाती राहावा. शेजारच्या तरुण सहकाऱ्याने तोंडाने सांगावे, बोट लावू नये. ज्यांच्या शाळेत रेंज नाही त्यांनी एका मुलाच्या वाचनाचे दोन ध्वनिमुद्रित नमुने आणावेत, एक या महिन्यातील व एक पुढच्या महिन्यातील.