उपनगराचे पाणी : दिसणारे क्षार आणि न दिसणारे जंतू

(पुण्याच्या उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुण्याच्या उपनगरात नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबाची पाण्याविषयीची पहिली तक्रार ठरलेली असते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तोट्यांवर पांढरे थर चढतात, गिझर अकाली निकामी होतो. तक्रार खरी आहे. खडकवासल्याच्या धरणातील पाणी मृदू. बोअरचे पाणी मात्र काळ्या खडकाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते व जड होते. गृहसंस्थेच्या हौदात बोअरचे, टँकरचे आणि आलेच तर महापालिकेचे, अशी तीन पाणी एकत्र होतात. नळातून काय येते हे त्या दिवशीच्या मिश्रणावर अवलंबून.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठिणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी; पर्यायी स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालते. या ‘पर्यायी स्रोत नसल्यास’ शब्दांपाशी थोडे थांबले पाहिजे. खडक कसा असावा हे कोणाच्या हाती नाही. परंतु धरणाची जलवाहिनी कोठपर्यंत न्यावयाची हा निर्णय माणसे घेतात. 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे पुणे महापालिकेत आली. इमारती आधी उठल्या, जलवाहिनी मागाहून येईल असे ठरले, आणि मधल्या काळापुरते पाणी पुरविण्याचे हमीपत्र विकसकाकडून लिहून घेतले गेले. विकसक इमारत पुरी करून निघून जातो. हमीपत्र फायलीत राहते. टँकरचे बिल रहिवाशांच्या नावे येते. येथे पर्याय भूगर्भाने नाकारलेला नाही.

कठिणता त्रासदायक आहे, घातक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने तिच्यासाठी आरोग्याच्या आधारावर कोणतीही मर्यादा घातलेली नाही. तरीही उपनगरातील पाण्याची सारी चिंता तिच्याभोवती फिरते, कारण ती डोळ्यांना दिसते. विक्रेता खिशातून टीडीएस मोजणारे पेन काढतो, पेल्यात बुडवितो, आकडा दाखवितो, आणि यंत्र विकले जाते. ते पेन विरघळलेले क्षार मोजते. जंतू मोजीत नाही. मलमिश्रित पाण्याचा आकडाही उत्तम येऊ शकतो.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात हे कठोरपणे प्रत्ययास आले. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण आढळू लागले. संशयित व निश्चित मिळून जिल्ह्याची संख्या दोनशेच्या वर गेली. काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले, काही दगावले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला. संशय पाण्यावर गेला. नांदेडच्या विहिरीचे पाणी गाळणी-प्रक्रियेविना, केवळ क्लोरिन मिसळून परिसरात जात होते. पुढे महापालिकेने या भागातील काही खासगी शुद्ध पाणी केंद्रांनाही टाळे ठोकले. लोक पैसे मोजून जे शुद्ध म्हणून घेत होते, तेही विश्वासार्ह नव्हते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात एक विचित्र गोष्ट घडते. धरणाचे शुद्ध केलेले पाणी नळाने घरोघर पोचले, तर राष्ट्रीय उत्पन्नात त्याची नोंद किरकोळच होते. ते पोचले नाही, तर टँकर, मृदूकरणाचा संच, स्वयंपाकघरातील आरओ, वीस लिटरचा जार, वाढीव साबण, नवा गिझर असा सारा व्यवहार उत्पन्नवाढ म्हणून जमेस धरला जातो! आरओ तर एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, आणि तेही टँकरने विकत आणलेले. मध्यमवर्गाने हा खर्च सोसला की महापालिकेच्या दारी जाण्याची त्याची निकड संपते. त्याच टँकरचे पाणी पिणारी घरकामवाली, रखवालदार, बांधकामावरचा मजूर यांच्यापाशी ना यंत्र असते, ना वेळ. ज्यांचा आवाज ऐकला गेला असता त्यांनी स्वतःची सोय करून घेतलेली असते.

आणखी एक नुकसान फारसे कोणाच्या ध्यानात आलेले नाही. ग्रामपंचायत होती तेव्हा गावात जलसुरक्षक असे. ओटी द्रावणाचे थेंब नळाच्या पाण्यात टाकून, पिवळा रंग येतो का, म्हणजे क्लोरिन उरले आहे का, हे पाहणे त्याचे काम. काम नेहमीच चोख होई असे नव्हे. पण गावाला हिरवे, पिवळे की लाल कार्ड मिळाले यावर ग्रामसभेत बोलता येई. गाव महापालिकेत गेले आणि ती सभाही गेली. गृहसंस्थेच्या हौदाचा व्हॉल्व्ह रखवालदार उघडतो. त्याला चाचणी कोणी शिकविलेली नाही.

कार्यकर्त्यांनी येथूनच आरंभ करावा. ओटीची बाटली स्वस्त असते आणि चाचणीला दोन मिनिटे लागतात. लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन नळाशी उरले पाहिजे. हौदाशी नव्हे, शेवटच्या नळाशी. आणि शेवटचा नळ बहुधा मजुरांच्या खोल्यांपाशी असतो. नोंद तारखेनिशी वहीत ठेवावी. जिथे पिवळा रंग उमटत नाही तिथला नमुना शासकीय प्रयोगशाळेत द्यावा, आणि तो अहवाल हाती घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जाताना गृहसंस्थेचे रहिवासी व तेथील मजूर यांना एकत्रच न्यावे.