तिसऱ्या रांगेची गोष्ट



इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना सवय आहे. त्यांच्या पंगतीत मी आज एका मोटारगाडीचा पाट मांडणार आहे. कोणी विचारील, मोटार हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण मोटारीत किती माणसांनी बसावे, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नसतो. तो कुटुंबाचा प्रश्न असतो. आणि ज्या देशात कुटुंबाचा आकार सरकारने ठरविला, त्या देशात तो राजकारणाचाही होतो. तो देश म्हणजे चीन, आणि गाडीचे नाव लीश्यांग वन.

प्रथम गाडीची ओळख करून देतो. ‘लीश्यांग’ या चिनी शब्दाचा अर्थ आदर्श. संस्थापकाचे नावही ली श्यांग. उच्चार तोच, पहिले अक्षर मात्र निराळे. 2015 साली त्यांनी कंपनी काढली, तेव्हा पहिला बेत होता शहरातल्या शहरात फिरण्याजोग्या चिमुकल्या विजेच्या गाडीचा. 2018 साली तो बेत सोडून दिला गेला. त्याच वर्षी लोकांसमोर आली ती पाच मीटरांहून अधिक लांब, तीन रांगांची, सहा माणसांची ऐसपैस गाडी! ज्यांग्सू प्रांतातील छांगचौ येथील कारखान्यातून 2019 अखेर ती ग्राहकांच्या हाती पडू लागली.

चिमुकल्या गाडीवरून तीन रांगांवर ही उडी का मारली? याचे उत्तर चिनी घरात शोधावे लागते. मोटार ही तेथे फार काळ साहेबाची वस्तू होती. चालक पुढे, साहेब मागे. म्हणूनच परदेशी गाड्यांची लांबी वाढवून मागच्या आसनावर पाय पसरायला जागा करण्याची प्रथा तेथे पडली. पुढे मोटार मध्यमवर्गाच्या दारी आली, आणि मागच्या आसनावर साहेबाऐवजी मूल बसले. एकच मूल, कारण 1980 च्या सुमारास आलेल्या धोरणाने, खेड्यांतील व अल्पसंख्याकांच्या काही सवलती सोडल्या, तर एका दांपत्याला एकाच अपत्याची मुभा ठेवली होती.

आता थोडे गणित करू. आईकडचे आजीआजोबा दोन, वडिलांकडचे दोन, आईवडील दोन आणि मूल एक. चार, दोन, एक. चिनी लोक या कुटुंबाला याच आकड्यांनी ओळखतात. बेरीज सात! पाच आसनांच्या गाडीत हे कुटुंब मावत नाही. 1 जानेवारी 2016 पासून दोन मुलांना कायद्याने परवानगी मिळाली, 2021 साली तीन मुलांना. मग दोन मुले, आईवडील आणि एका बाजूचे आजीआजोबा मिळून बरोबर सहा झाले. लीश्यांग वनच्या मधल्या रांगेत दोन सुटी आसने ठेवली आणि त्यांच्यामधून मागे जायला वाट ठेवली, ती याच हिशेबाने. तिसऱ्या रांगेत जाणाऱ्याला कोणाला उठवावे लागू नये.

पण कुटुंब गाडीत बसले, तरी ते पोचायला हवे. वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, कोट्यवधी माणसे शहरांतून आपल्या गावी निघतात. 2012 पासून अशा मोठ्या सणांच्या सुट्यांत सात किंवा त्याहून कमी आसनांच्या गाड्यांना महामार्गावर टोल माफ असतो. साहजिकच रस्ते तुंबतात, आणि विजेची गाडी असेल तर बॅटरी भरण्यासाठी रांगेत ताटकळावे लागते. त्यावर या गाडीने तोड काढली. चाके फिरवतात विजेच्या मोटारी, जोडीला 1.2 लिटरचे एक छोटे पेट्रोल इंजिन असते, पण ते चाकांना हात लावीत नाही, फक्त जनित्र फिरवून वीज निर्माण करते. रोज शहरात वीज, गावच्या वाटेवर पेट्रोल. ही मागासलेली युक्ती आहे अशी टीका झाली; पण आजीला सणाच्या आधी घरी पोचायचे होते, तिला तंत्राच्या कुळाशी काय कर्तव्य?

ग्राहकांनी कौल दिला. 2021 या एका वर्षात 90,491 गाड्या गेल्या. 2022 साली तिची जागा कंपनीच्याच नव्या गाड्यांनी घेतली; त्यांपैकी मोठ्यांत तीन रांगा कायम राहिल्या.

श्रोतेहो, येथवर ही यशाची कथा झाली. आता तिची दुसरी बाजू पाहा. 2016 साली चीनमध्ये पावणेदोन कोटींहून अधिक मुले जन्मली. 2022 साली तो आकडा 95 लाख 60 हजारांवर आला, आणि त्या वर्षी देशाची लोकसंख्याच घटली. म्हणजे ज्या वर्षांत गाडीतील आसने वाढली, त्याच वर्षांत घरातील मुले निम्म्याच्या जवळ आली! बंदी उठली होती, मग अडले कोठे? घराची किंमत, शिक्षणाचा खर्च, नोकरीचे लांबलेले तास. या गाडीचीच गोष्ट घ्या. 2021 साली तिची किंमत 3,38,000 युआन होती, आणि त्या वर्षी चिनी माणसाचे सरासरी खर्चायोग्य उत्पन्न 35,128 युआन. साडेनऊ वर्षांची कमाई! ज्या घराला ती परवडली, ते मुळातच सुखवस्तू घर.

तेव्हा या तिसऱ्या रांगेकडे आपण नवलाने पाहावेच, पण थोडे गंभीर होऊनही पाहावे. हुकूम काढून घरातला पाट उचलता येतो. पण उचललेला पाट पुन्हा मांडला, म्हणून त्यावर बसणारा आपोआप येत नाही. कारखानदार आसन बनवू शकतो, सरकार परवानगी देऊ शकते. मूल मात्र आईबापांच्या मनातील उद्याच्या भरवशावर जन्माला येते. तो भरवसा कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.