बुडालेल्या इंजिनाची पुनर्बांधणी

जुहू आणि पावसाळा यांचें वैर जुनें आहे. समुद्राशेजारच्या चिखलवट जमिनीवर 1928 सालीं येथें विमानतळ झाला, आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन याच मैदानावर उतरले. परंतु पावसाळ्यांत तें मैदान पाण्याखालीं जाई, आणि टपालाच्या विमानांना आपला मुक्काम पुण्यास हलवावा लागे. विमानांना पुणें गांठतां आलें. मोटारींना तशी सोय नाहीं. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद केली, तेव्हां उपनगरांतील असंख्य गाड्या उभ्या जागीं बुडाल्या. अजूनहि जोराच्या पावसांत अंधेरीचा भुयारी रस्ता भरला कीं कोणाच्या तरी गाडीचें इंजिन पाणी पिऊन बंद पडतें. असें इंजिन पुन्हां उभें करतां येतें काय, आणि करावयाचें तर कोणत्या क्रमानें, हा प्रश्न त्या घरापुढें येतो. गाडीला टर्बो असेल तर तो प्रश्न अधिक नाजूक होतो.

टर्बो म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनाचें बळ शेवटीं हवेवर अवलंबून असतें. पेट्रोल वाटेल तितकें ओततां येईल. तें जाळण्यास लागणारी हवा मात्र सिलिंडरांत मावेल तेवढीच शिरते. उलट, इंधनांतून निघालेल्या उष्णतेचा सुमारें एक तृतीयांश भाग धुराबरोबर फुकट जातो. हा वाया जाणारा धूर एका फिरकीवर सोडावा, त्याच दांड्यावर दुसरी फिरकी बसवावी, आणि तिच्याकडून बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें 1905 सालीं पेटंट करून घेतली. पुढें अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें 1918 सालीं लिबर्टी नांवाचें विमानाचें इंजिन कोलोरॅडोंतील पाइक्स शिखरावर, 14,109 फूट उंचीवर नेलें. सपाटीवर 350 अश्वशक्ति देणारें तें इंजिन तेथील विरळ हवेंत 230 वर घसरलें. टर्बो जोडतांच तें 356 अश्वशक्ति देऊं लागलें. हवेची चणचण भासली कीं धुराकडूनच हवा भरून घ्यावी, इतका हा सरळ व्यवहार आहे.

पण या व्यवहाराला किंमत पडते. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याच्या एका टोकाला सुमारें नऊशें अंश सेल्सिअस तापलेला धूर असतो, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा, आणि मधें त्याला तोलून धरणारा तेलाचा पातळ पडदा. हें तेल इंजिनाचेंच असतें. इंजिनांत कचरा झाला तर तो टर्बोपर्यंत पोंचतो, आणि टर्बो फुटला तर त्याचे तुकडे इंजिनाकडे येऊं शकतात. शिवाय दाबल्यामुळें तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर बहुतेक गाड्यांत पुढच्या बाजूस, जमिनीपासून फारशा उंचीवर नसतो. साचलेल्या पाण्यांतून गाडी दामटली कीं पाणी हवेच्या वाटेनें आंत शिरून तेथें थांबतें.

हवा दाबली तर आकसते. पाणी आकसत नाहीं. सारा अनर्थ या भेदांतून होतो. 1,800 घनसेंटीमीटरचें चार सिलिंडरांचें एक इंजिन घ्यावें. त्याच्या प्रत्येक सिलिंडरांत पिस्टन 450 घनसेंटीमीटर जागा झाडतो. दाबाचें प्रमाण साडेनऊ असेल, तर पिस्टन अगदीं वर आल्यावर उरणारी जागा अवघी 53 घनसेंटीमीटर, म्हणजे चहाच्या लहान कपाच्या निम्म्याइतकी असते. त्याहून जास्त पाणी आंत असेल तर पिस्टनला वर जाण्यास वाट उरत नाहीं. तो अडतो, क्रँक मात्र त्याला ढकलीत असतो. मग त्या दोघांमधील कनेक्टिंग रॉड वांकतो. म्हणून पाण्यांत बंद पडलेल्या गाडीची किल्ली पुन्हां न फिरवणें हा पहिला निर्णय होय, आणि तो रस्त्यावरच, भर पावसांत, मागच्या गाड्यांचे कर्णे ऐकत घ्यावा लागतो.

आतां अशी एक मोटार कल्पनेपुढें आणावी. ती वडिलांनीं घेतलेली, मुलानें हौसेनें जपलेली, दहा-बारा वर्षांची आहे. बाजारांत तिला फारशी किंमत उरलेली नाहीं. मुलानें किल्ली फिरवली आहे. एकदां ठण्ण असा आवाज आला आहे. गॅरेजांत स्पार्क प्लग काढून क्रँक हातानें फिरवतांच पाण्याची चूळ बाहेर पडते, आणि मापाचें घड्याळ लावून पाहतां एक पिस्टन इतर तिघांइतका वर येत नाहीं असें दिसतें. रॉड वांकल्याचा हा पुरावा होय.

येथें तीन वाटा फुटतात. गाडी भंगारांत द्यावी, दुसरें जुनें इंजिन आणून बसवावें, किंवा आहे तेंच उघडून दुरुस्त करावें. "साहेब, कुर्ल्याहून इंजिन आणूं या. चार दिवसांत गाडी चालू," असें मिस्त्री सुचवितो. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रस्त्यावर मोडीच्या गाड्यांचे भाग मिळतात, हें मुंबईच्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असतें. "पण मिस्त्री, तें आंतून कसें आहे तें कोणी पाहिलें आहे?" हा मालकाचा प्रश्न रास्त असतो. त्या इंजिनाचा इतिहास कोणी सांगूं शकत नाहीं. शिवाय इंजिनाचा क्रमांक बदलला कीं अंधेरीच्या परिवहन कार्यालयांत नोंदणीपुस्तकावर त्याची दुरुस्ती करून घ्यावी लागते. घरांतील वडीलधारी माणसें पहिल्याच वाटेचा आग्रह धरतात, आणि हिशेबानें पाहिलें तर त्यांचें म्हणणें खोटें नसतें. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किंमतीहून अधिक होणार, हें मान्य करूनच तिसऱ्या वाटेला जावें. पैसे वांचतील या आशेनें जो हें काम हातीं घेतो, तो अर्ध्यावर सोडतो.

मोडलेल्या वस्तूंतून काय राखावें आणि काय टाकावें, याचें एक मोठें उदाहरण आपल्याच देशांत घडलें. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश हवाईदलानें कानपूरच्या चकेरी तळावर लिबरेटर जातीचीं अमेरिकन बाँबफेकी विमानें मागें टाकलीं. तीं पुन्हां कोणाच्या उपयोगीं पडूं नयेत म्हणून त्यांची जाणूनबुजून मोडतोड करण्यांत आली होती. प्रत्येक विमानाला चार इंजिनें, आणि प्रत्येक इंजिनाला धुरावर चालणारा टर्बो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं 1940 सालीं बंगलोरांत काढलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याकडे हें काम 1948 सालीं आलें. कारागिरांनीं त्या ढिगांतून कमी मोडलेलीं विमानें निवडलीं, इतरांचे भाग त्यांना जोडले, आणि बंगलोरपर्यंत उडत जातील इतपत त्यांना उभें केलें. चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं तीं बंगलोरला नेलीं व तेथें त्यांची पुरी दुरुस्ती झाली. अशीं सुमारें चाळीस विमानें हवाईदलाला मिळालीं. समुद्रावरील टेहळणीसाठीं पुण्याच्या लोहगांव तळावरूनहि तीं उडत, आणि 1968 सालापर्यंत तीं सेवेंत राहिलीं. जगांतील संग्रहालयांत आज जीं थोडीं लिबरेटर विमानें उरलीं आहेत, त्यांतील बरींच या भारतीय तुकडीचीं आहेत. प्रथम निवड, मग जुजबी उभारणी आणि शेवटीं पुरी दुरुस्ती, असा तो क्रम होता. गॅरेजांतील एका इंजिनालाहि हाच क्रम लागू पडतो.

इंजिन उतरवून सुटें केल्यावर प्रत्येक भागाचा न्याय मापानें करावयाचा असतो. सिलिंडर तीन उंचींवर व दोन दिशांनीं मोजतात. वांकलेल्या रॉडनें पिस्टन तिरपा ओढला असल्यामुळें त्या भिंतीवर ओरखडे असतात. तेव्हां अर्धा मिलिमीटर मोठें बोअर करावें लागतें. येथें पहिली ठेंच लागते. उत्साहानें बोअर करून घ्यावें, आणि मग कळावें कीं त्या मापाचे पिस्टन बाजारांत नाहींत! म्हणून पिस्टन हातांत आल्याशिवाय ब्लॉक लेथवाल्याकडे देऊं नये. ऑपेरा हाउसच्या दुकानांतून निरोप येईपर्यंत महिना गेला तरी चालेल. रॉड एकच वांकलेला असला तरी चारही बदलावे, कारण उरलेल्या तिघांनीं काय सोसलें आहे तें डोळ्यांना दिसत नाहीं. क्रँकला चीर नाहीं ना, हें चुंबकीय भुकटीनें तपासावें. घांसला असेल तर पाव मिलिमीटर उतरवून त्या मापाचीं बेअरिंगें घालावीं. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधें तेलासाठीं जी फट ठेवावयाची, ती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजतात. तीन ते पांच शतांश ही तिची सर्वसाधारण मर्यादा, म्हणजे माणसाच्या केंसाहूनहि कमी.

इतकें सारें नीट करूनहि दुसरी आणि खरी ठेंच पुढें असते. इंजिन चालू होतें. घरांत पेढे येतात. तीनशें-चारशें किलोमीटर गाडी गुणानें चालते. मग एके दिवशीं सिग्नलला उभें असतां तेलाचा दाब खालीं येतो, आणि इंजिनाच्या पोटांतून बारीक टकटक ऐकूं येते. "जाड तेल घाला साहेब, आवाज बसेल," असा सल्ला मिळतो, आणि जाड तेलानें आवाज खरोखरच बसतोहि. मालकाची कसोटी या क्षणीं असते. आवाज बसला म्हणजे रोग बरा झाला असें नव्हे. त्याची फक्त वाचा बंद झाली. इंजिन पुन्हां उतरवणें म्हणजे झालेला खर्च आणि गेलेले चार महिने यांवर पाणी सोडणें. तरीहि तें उतरवलेंच पाहिजे.

उघडल्यावर कारण सांपडतें. नव्या बेअरिंगांवर बारीक, चकाकणारे कण रुतलेले असतात. ते आले कोठून? पहिल्या अपघातांत पिस्टन-भिंतीचा जो चुरा निघाला, तो तेलाबरोबर फिरत फिरत तेल थंड करणाऱ्या ऑइल कूलरमध्यें जाऊन बसला होता. ब्लॉक धुतला, क्रँक धुतला, कूलर मात्र वरून पुसून पुन्हां बसवला. गरम तेलानें तो चुरा हळूहळू सुटा केला आणि नव्या बेअरिंगांत नेऊन सोडला. कूलरच्या आंतल्या वाटा इतक्या अरुंद व वळणाच्या असतात कीं त्या पुरत्या धुतल्या गेल्याची खात्री देतां येत नाहीं. तो नवाच घालावा लागतो. टर्बोला तेल नेणारी बारीक नळी उष्णतेनें आंतून काजळून अरुंद झालेली असते, तीहि बदलावी. इंटरकूलर सोडवून उलटा करावा, कारण भुयारी रस्त्यांतला गाळ त्यांत अजून असूं शकतो. तुटलेला भाग बदलणें हें दुरुस्तीचें निम्मेंच काम आहे. तो कां तुटला आणि तुटतांना त्याचे कण कोठें गेले, हें शोधल्यावांचून नवा भाग घालणें म्हणजे तोच अपघात पुन्हां विकत घेणें होय.

तिसरा निर्णय मोहाचा असतो. इंजिन उघडलेंच आहे, तर मोठा टर्बो कां बसवूं नये? दाब थोडा वाढवला तर शक्ति किती तरी वाढेल! हा मोह मोठमोठ्यांना झाला. फ्रान्सच्या रेनॉ कारखान्यानें जुलै 1977 मध्यें सिल्व्हरस्टोनच्या शर्यतींत दीड लिटरची टर्बो गाडी उतरवली. ती इतक्या वेळां धूर सोडीत बंद पडली कीं इंग्रजांनीं तिला पिवळी किटली म्हणण्यास सुरुवात केली. दोन वर्षें अपयश पचवून तेथील अभियंत्यांनीं एका मोठ्या टर्बोऐवजीं दोन लहान टर्बो बसवले. लहान फिरक्या लवकर वेग घेत, आणि चालकाला शक्तीची वाट पाहावी लागत नसे. 1 जुलै 1979 रोजीं दिजों येथें झाबुई यानें त्या गाडीला पहिला विजय मिळवून दिला. त्यांच्याजवळ कारखाना होता, पैसा होता, आणि मोडावयास दुसरें इंजिन होतें. जुहूच्या मालकाजवळ एकच इंजिन असतें. दाब वाढला कीं उष्णता वाढते. उष्णता वाढली कीं पेट्रोल ठिणगीची वाट न पाहतां पेटतें, आणि त्या अवेळीं बसणाऱ्या धक्क्यांनीं पिस्टनचा माथा फुटतो. म्हणून मूळचा टर्बो, मूळचा दाब, हाच अशा घरगुती कामांत शहाणपणाचा निर्णय ठरतो. तो घेतांना मन थोडें खट्टू होतें, एवढेंच.

पुन्हां जोडलेलें इंजिन चालू करण्याचीहि एक रीत आहे. टर्बोंत आधीं हातानें तेल भरावें. ठिणगी व पेट्रोल बंद ठेवून दाबाचा कांटा हलेपर्यंत इंजिन फिरवावें, आणि मगच तें पेटवावें. पहिले हजार किलोमीटर त्याला धांवडवूं नये. पांचशें किलोमीटरांवर तेल बदलून जुना फिल्टर फेकून न देतां कापावा, आणि आंतला कागद उन्हांत उलगडून पाहावा. त्यावर चकाकी दिसली तर काम पुन्हां उघडणें आलें. कागद केवळ तेलानें काळा असेल, तर चुरा गेला असें समजावें. मिस्त्री आणि मालक त्या दिवशीं एकाच कागदावर वांकून पाहत असतात, आणि कांहीं चकाकत नाहीं एवढी एक गोष्ट त्या दोघांना चार महिन्यांच्या श्रमांची भरपाई वाटते. पुढल्या पावसाळ्यांत मात्र भरतीची वेळ आणि पावसाचा रंग पाहून ती गाडी घरींच ठेवावी. टपालाचीं विमानेंहि आषाढांत जुहूला थांबत नसत.