न्हाण सगळ्यांचे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



विषय ऐकून पुष्कळजणींना हसू येईल. वैशाखात अकोल्याच्या टिनाच्या घरात बसणाऱ्या बाईला घाम कसा काढावा हे परदेशाकडून शिकावे लागत नाही! पण फिनलंड या थंड देशात घामाच्या स्नानाचा केवढा सोहळा असतो, तो ऐकण्यासारखा आहे.

त्या स्नानघराला 'सौना' म्हणतात. लाकडी खोलीत भट्टीवर दगड रचलेले असतात. ते तापले की त्यांवर पळीने पाणी टाकायचे आणि उठणाऱ्या वाफेत बाकांवर बसायचे. बर्च झाडाच्या डहाळ्यांच्या जुडीने अंग झोडायचे, मग थंड पाण्यात उतरायचे. देशाची वस्ती सुमारे ५६ लाख आणि सौना ३० लाखांवर! शनिवारी सौना, नाताळच्या आदल्या दिवशी सौना, जूनमधल्या सणाला सौना. पूर्वी तिथल्या बाया बाळंतही सौनातच होत, कारण तीच जागा उबदार, स्वच्छ, आणि गरम पाणी हाताशी. २०१६ साली हेलसिंकी शहरात 'सौना दिवस' झाला, तेव्हा लोकांनी आपले खासगी सौना अनोळखी पाहुण्यांना उघडून दिले. २०२० साली युनेस्कोने या परंपरेची मानवजातीच्या वारशात नोंद केली.

आपल्याकडे हे अगदीच नवे आहे काय? आपल्या मोर्शी तालुक्यात साळबर्डीला उन्हाळे आहेत, आणि महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. नरकचतुर्दशीचे अभ्यंग आहे. बाळंतिणीचे तेल, न्हाण, शेक आणि ओव्याची धुरी आहे. ऊब आणि पाणी यांचे मोल आपल्या आज्यांना ठाऊकच होते.

मात्र फिनलंडची एक रीत आपण जरूर उचलावी. तिथल्या जुन्या धुराच्या सौनाला धुराडे नसते. आधी आग पेटवून दगड तापवतात, आग पूर्ण विझू देतात, धूर बाहेर जाऊ देतात आणि मगच माणसे आत शिरतात. आपण काय करतो? दारे-खिडक्या लावून बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतो. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास. तो आई आणि तान्हे दोघांनाही गाफील गाठतो. तेव्हा शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या. निखारे बंद खोलीत नकोत.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची. दिवाळीत पहाटे तीनला उठून चुलाण्यात पऱ्हाट्या कोण सारते? घरातली बाई. सगळ्यांच्या पाठी चोळून, सगळ्यांना ऊन पाणी काढून देऊन तिची पाळी येते, तेव्हा उजाडलेले असते आणि हंड्यात उरते कोमट पाणी. आणि जिच्या घरी दुसरे कोणीच नाही, तिच्या पाठीला वर्षानुवर्षे तेलाचा हात लागत नाही. आपला हात आपल्या पाठीला पोचत नाही, भगिनींनो! म्हणूनच न्हाण ही एकट्याने उरकायची गोष्ट नव्हे. सौनातही मानपान बाहेर ठेवून सगळे एकाच बाकावर बसतात, असा संकेत आहे.

म्हणून माझी सूचना अशी. दिवाळीच्या आधी एका दुपारी मंडळाच्या परसात चुलाणे पेटवावे. मोठी पातेली चढवावी, आडोसा करावा. तेल-उटणे वर्गणीतून आणावे. आळीतल्या एकट्या राहणाऱ्या वृद्ध बायांना प्रथम पाटावर बसवावे. त्यांत सधवा-विधवा असा भेद अजिबात नको. पाणी तापवणारीलाही शेवटी कढत पाणी मिळालेच पाहिजे. आणि घरी दिवाळीच्या पहाटे चुलाण्याची पाळी मुलांनी व पुरुषांनी घ्यावी. जाळ घालायला बायकांचेच हात लागतात असे कुठल्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

यासाठी ना इमारत हवी, ना सरकारी मदत. चार हंडे, थोड्या पऱ्हाट्या आणि दुसरीच्या पाठीवर फिरणारा प्रेमाचा हात, एवढे पुरे. ज्यांना ही कल्पना पटेल त्यांनी चिटणीस बाईंकडे आजच नाव द्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.