रिले सगळ्यांचा, जबाबदारी कुणाची?

नागावहून बोलतोय. आयपीव्ही४ चे पत्ते जेमतेम ४३० कोटी. म्हणून आयपीव्ही६ आलं. पण मधलं नेटवर्क जुनंच. मग २००१ मध्ये तोडगा निघाला: सामायिक 'सिक्स-टू-फोर' रिले, सगळ्यांचा पत्ता एकच, १९२.८८.९९.१. जवळ ज्या कंपनीचा रिले असेल, तो तुमचा डेटा पुढे नेणार. परतीचा डेटा मात्र भलत्याच रिलेतून! अडकला तर तक्रार कुणाकडे? रिलेवाल्याचे तुम्ही ग्राहकच नाही. निव्वळ बारभाई कारभार. २०१५ मध्ये आयईटीएफने ती सोय मोडीत काढली.

आमच्याकडे आजही अख्ख्या आळीला मिळून एकच आयपीव्ही४ पत्ता; वाडीतला कॅमेरा पुण्याहून थेट उघडत नाही. तेव्हा नवं कनेक्शन घेताना स्पीडच्या आधी विचारा, ‘आयपीव्ही६ तुम्ही स्वतः देता का?’