नळांच्या पोटातली सफाई



नळातून कच्चे तेल वाहो, वायू वाहो की पाणी, जाता जाता तो पदार्थ काहीतरी मागे ठेवून जातो. तेलातले मेण थंड भिंतीवर थर धरते. तेलाबरोबर आलेले पाणी आणि वाळू प्रवाह मंदावला की तळाशी बसतात. पाण्याच्या नळात गंज, लोह-मँगनीजचा गाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर साचतो. वाट अरुंद होते, पंपाला जास्त जोर लावावा लागतो आणि गाळाच्या आड धातू कुरतडला जातो. शेकडो किलोमीटरचा नळ उकरून आतून पाहता येत नाही. म्हणून अभियंत्यांनी सफाईचे काम वाहणाऱ्या पदार्थाकडूनच करून घेतले.

नळात घट्ट बसेल असे एक साधन प्रवाहात सोडायचे. त्याच्या मागचा दाब जास्त आणि पुढचा कमी, म्हणून ते पुढे सरकते आणि भिंत खरवडत जाते. तेलधंद्यात या साधनाला ‘पिग’ आणि या कामाला ‘पिगिंग’ म्हणतात. आतली स्थिती नीट ठाऊक नसेल तेव्हा आधी मऊ फोमचा पिग पाठवतात, कारण अडथळा आला तर तो दबून पुढे निघण्याची शक्यता असते. मेणासाठी पॉलियुरेथेनच्या चकत्यांचा पिग, गंजासाठी तारेच्या ब्रशांचा. एका पिगला ॲल्युमिनियमची पातळ चकती लावलेली असते. ती वाकून बाहेर आली, तर नळ कुठेतरी चेपला आहे असे समजायचे.

पिग आत घालायला नळाच्या आरंभी लाँचर आणि बाहेर काढायला शेवटी रिसीव्हर असतो. दोन्ही म्हणजे मुख्य नळाहून रुंद अशा, झडपांनी अलग करता येणाऱ्या बंदिस्त कोठ्या. दार उघडण्यापूर्वी दाब पूर्ण उतरवावाच लागतो. दाब शिल्लक राहिला तर पिग प्रचंड वेगाने बाहेर फेकला जातो, आणि अशा अपघातांत कामगारांचे जीव गेले आहेत.

स्वच्छ नळाचा दुसरा लाभ तपासणीचा. ‘स्मार्ट पिग’ चुंबकीय क्षेत्राच्या किंवा अल्ट्रासाउंडच्या मदतीने भिंतीची जाडी कुठे कमी झाली आहे ते टिपत जातो. पण भिंतीवर मेणाचा आणि गाळाचा थर असेल तर त्याची मोजणी भरवशाची राहत नाही. आधी सफाई, मग निदान, हा क्रम बदलता येत नाही.

या क्रमाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत अलास्काच्या प्रुडो बे तेलक्षेत्राने मोजली. 2 मार्च 2006 रोजी तिथल्या बर्फाळ जमिनीवर कच्चे तेल सांडलेले सापडले. बीपी कंपनीच्या 34 इंची नळाला गंजाने छोटेसे भोक पडले होते आणि त्यातून दोन लाख गॅलनहून अधिक तेल, म्हणजे सुमारे 8 लाख लिटर, बाहेर आले होते. गळती किती तरी दिवस कुणाच्या लक्षात आली नव्हती. या नळातून स्मार्ट पिग शेवटचा गेला होता 1998 साली. संथ प्रवाहामुळे तळाशी गाळ बसला होता आणि त्याखाली गंजाला मोकळे रान मिळाले होते. ऑगस्टमध्ये पूर्वेकडच्या नळाची तपासणी झाली तेव्हा तिथेही गंभीर झीज आढळली आणि क्षेत्राचा मोठा भाग बंद ठेवावा लागला. 2007 साली कंपनीच्या अलास्का शाखेने गुन्हा कबूल केला. तिला 2 कोटी डॉलर भरावे लागले.

हेच तेल पुढे ट्रान्स-अलास्का वाहिनीत जाते. 48 इंच व्यासाची, सुमारे 1,300 किलोमीटर लांबीची ही वाहिनी 1977 पासून वाहते आहे. तिथे पिग नियमित सोडले जातात. 1988 च्या सुमारास दिवसाला 20 लाख पिंपांहून अधिक तेल वाहत होते, आता ते 5 लाखांच्या आसपास आले आहे. प्रवाह संथ झाला की तेल वाटेत जास्त थंड होते, मेण जास्त जमते. म्हणजे तेल घटले तरी सफाईचे काम घटत नाही, उलट वाढते.

औष्णिक वीजकेंद्रात हेच तत्त्व छोट्या प्रमाणावर दिसते. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या हजारो नळ्यांतून थंड पाणी फिरते. आत थर बसला की उष्णता नीट बाहेर जात नाही आणि तेवढ्याच विजेसाठी जास्त इंधन जळते. पश्चिम जर्मनीतल्या टाप्रॉगे कंपनीने 1950 च्या दशकात यावर उपाय आणला. नळीच्या व्यासाहून किंचित मोठे स्पंज-रबराचे चेंडू पाण्याबरोबर सोडायचे. ते दबून नळीतून सरकतात, बाहेर जाळीत अडतात आणि पंपाने पुन्हा सुरुवातीला येतात. यंत्र थांबवावे लागत नाही.

ब्रिस्टल विद्यापीठातले प्राध्यापक जो क्वारिनी यांनी तर घन पिगऐवजी बर्फच वापरला. बारीक बर्फ आणि मीठपाण्याचा दाट लगदा नळात ढकलला की तो वळणे आणि बदलते व्यास पार करत घाण पुढे रेटतो. समजा अडकलाच, तर वितळून जातो. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत आणि पिण्याच्या पाण्याच्या नळांत ही पद्धत वापरली गेली आहे.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध थेट आहे. मुंबई हायचे तेल आणि वायू समुद्राच्या तळावरच्या नळांतून उरणला येतात, मुंबईतून मनमाडकडे इंधन भूमिगत नळाने जाते. अशा वाहिन्यांत पिगिंग हा रोजच्या व्यवहाराचा भाग मानला जातो. पाण्याच्या वाहिन्यांचा विचार मात्र इतक्या काटेकोरपणे क्वचितच होतो. आणि पिग जाण्यासाठी लागणारी पूर्ण उघडणारी झडप, सौम्य वळण, आत घालण्याची व बाहेर काढण्याची जागा या गोष्टी नळ टाकतानाच बसवाव्या लागतात. नंतर बसवणे म्हणजे पुन्हा खोदकाम आणि पाणी बंद.

म्हणून श्रोत्यांना एकच विनंती आहे. आपल्या गावात नवी जलवाहिनी मंजूर होत असेल, तर तिचा व्यास आणि खर्च विचाराच. त्याबरोबर ती आतून साफ कशी करणार, किती काळाने करणार आणि त्यासाठी आराखड्यात सोय कुठे आहे, हेही विचारा. उत्तर कागदावर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.