अडलेले वजन



आहार आवरून उतरू लागलेले वजन काही महिन्यांनी अडते. मग आपण निराश होऊन पथ्य सोडतो, नाहीतर उपासावर उपास करतो. मधुमेही बांधवांस हे दोन्ही मार्ग घातक होत. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेविले असता त्यांच्या शरीराने विश्रांतीतील उष्मांकांचा खर्चच सुमारे ४० टक्क्यांनी आखडता घेतला. हलके झालेले शरीर थोडक्यात भागविते. म्हणून उपासमार न करता भाताची एकच मूद घ्यावी, डाळ-उसळ वाढवावी, नित्य अर्धा तास चालावे. एकट्याचा निग्रह पंगतीत टिकत नाही. यास्तव ज्ञातिभोजनातील आग्रह आपण सर्वांनी मिळून सोडावा, ही आमची नम्र विनंती.